सातवं नाव

"हे कुठं आलं?"

शुक्रवार, १५ मार्च २०२४, दुपारी बारा वाजून दोन मिनिटं. बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बातमीवर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ती ओट्याला टेकून उभी होती. फोन दोन्ही हातांत धरलेला. तिनं मेल उघडला, शहराचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि मी विचारलं, हे कुठं आलं?

गंमत म्हणजे ते नाव यादीत मीच टाइप केलं होतं. सोळा-सतरा दिवसांपूर्वी, त्याच ओट्यावर लॅपटॉप ठेवून. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. पहिली सहा नावं भरायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. सातवं, आठवं, नववं मिळून दोन मिनिटं. कुकरची शिट्टी होईपर्यंत झालंसुद्धा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत डॉक्टरला पुढचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, 'मॅच'मधून मिळते. सप्टेंबरात अर्ज करायचे. हिवाळाभर मुलाखती. २०२० नंतर त्या बहुतेक सगळ्या व्हिडिओवरच होतात, त्यामुळे ज्या गावात पुढची तीन वर्षं काढायची ते गाव बघायचाही प्रश्न येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तुम्ही पसंतीक्रमाची यादी द्यायची, हॉस्पिटलांनी त्यांची द्यायची. सगळ्या याद्या संगणकात जातात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी कळतं, की तुमचं जमलं की नाही. कुठं जमलं ते मात्र शुक्रवारी. मधले चार दिवस म्हणजे लग्न ठरलंय एवढं नक्की, पण मुलाचं नाव घरचे सांगत नाहीत. आणि नकार द्यायची सोय नाही. यादी देतानाच तुम्ही मान्य केलेलं असतं, की जे निघेल ते पक्कं. फार गंभीर अडचण आली तर सूट मागता येते. 'गाव आवडलं नाही' ही गंभीर अडचण नसते.

आमचं सातवं नाव निघालं. पश्चिम टेक्सास. शहराचं नाव लिहीत नाही, तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. आम्ही राहायचो न्यू जर्सीत, एडिसनला. मधलं अंतर सतराशे मैलांच्या वर. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मुंबई–नागपूर एवढं?" मी म्हटलं, आई, कन्याकुमारी ते दिल्ली. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण नंबर लागला ना?"

लागला ना! त्या आठवड्यात हे दोन शब्द मी किती जणांकडून ऐकले असतील. आणि बोलणाऱ्यांचं चुकत होतं असंही नाही. परदेशात शिकून आलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी साधारण दहातल्या सहाच जणांचं मॅचमध्ये जमतं. बायकोचा हा दुसरा प्रयत्न होता. आदल्या वर्षी त्याच सोमवारी 'नाही' आलं होतं, आणि त्यानंतरचा एप्रिल आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. या वर्षी तिच्या अभ्यासाच्या गटातल्या एकीला ते 'नाही' आलं. उरल्यासुरल्या जागांसाठी त्याच आठवड्यात धावाधाव असते. ती त्यात होती, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिच्या हाती काही लागलं नव्हतं. शुक्रवारी तिनंच सगळ्यात आधी अभिनंदनाचा मेसेज पाठवला. आता सांगा, आम्ही कुठल्या तोंडानं वाईट वाटून घ्यायचं होतं?

संध्याकाळी ओक ट्री रोडवरून कुणीतरी काजू कतली आणली. फोटो निघाले. त्या फोटोत आम्ही दोघंही हसतोय, आणि दोघांचेही डोळे कॅमेऱ्याच्या जरा वर कुठंतरी आहेत.

त्या यंत्राबद्दल मी नंतर बरंच वाचलं. संगणकवाला माणूस, दुःख झालं की अल्गोरिदम वाचत बसतो. मॅचची पद्धत १९५२ पासूनची. तिच्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी मिळून १९६२ साली मांडलं, तेही चक्क स्थळं जुळवण्याच्या उदाहरणावरून. नंतर ॲल्विन रॉथ यांनी दाखवून दिलं, की डॉक्टर मंडळी तर दहा वर्षं आधीपासून असंच काहीतरी वापरत होती. १९९८ च्या मॅचपासून वापरात आलेलं नवं रूपही रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्याचं. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत ऐकायला सोपी आहे. यंत्र तुमचं बोट धरून तुमच्या पहिल्या पसंतीच्या दारावर जातं. त्यांच्या यादीत तुमचं नाव असेल आणि आत जागा असेल तर तात्पुरतं बसवतं. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त हवा असलेला कुणी मागून आला, की तुम्हाला उठवतात. मग दुसरं दार. मग तिसरं. कुणालाच उठवायची वेळ येईनाशी झाली, की खेळ संपला.

यात लबाडी नाही. यादी मनापासून लिहिण्यातच तुमचा फायदा असतो, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. पण मला खटकलं ते वेगळंच. यंत्राला क्रम कळतो, अंतर कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये आमच्या लेखी वीतभर फरक होता. सहाव्या आणि सातव्यामध्ये अख्खा देश होता. पहिली सहा ठिकाणं न्यू जर्सी, ब्रुकलिन, ब्राँक्स, पेनसिल्व्हेनिया अशी, सगळी गाडीनं तीन तासांच्या आत. सातव्यापासून पुढं विमान. यंत्राला दिसलं, सहानंतर सात. त्यानं प्रामाणिकपणे सातव्या दाराची कडी वाजवली.

यादी भरणाऱ्यांना सगळे अनुभवी लोक एकच सांगतात, की जिथं जायचंच नाही ते नाव लिहू नका. आम्हालाही सांगितलं होतं. आम्ही माना डोलावल्या आणि लिहिलं. कारण मागच्या वर्षीचा एप्रिल आठवत होता. आणि मनात होतंच, सातवं कुठलं लागतंय!

आणखी एक गोष्ट त्या वाचनात सापडली, ती तिला वाचून दाखवल्यावर ती त्या महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसली. दोघंही डॉक्टर असतील तर जोडीनं यादी देता येते. मात्र जोडपी आली, की सगळ्यांची घडी नीट बसेलच याची हमी गणित देत नाही. रॉथ यांनी १९८४ मध्येच हे दाखवलंय. "एवढं सिद्ध करायला गणित कशाला लागतं?" ती म्हणाली.

आमची यादी जोडीची नव्हती. डॉक्टर ती एकटीच. माझी यादी कुणी मागितली नव्हती, पण माझ्याजवळ होती. कागदावर नव्हती इतकंच. त्या यादीत सहाच नावं होती.

मार्च संपता संपता एका रात्री जाग आली तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती. फोनच्या उजेडात चेहरा निळसर.

"सहा," ती म्हणाली.

मला वाटलं विमानाचे तास मोजतेय. डॅलसला किंवा ह्यूस्टनला विमान बदलून लबकला उतरायचं, दारापासून दारापर्यंत आठ-नऊ तास तरी जातात. मी म्हटलं, "अगं, महिन्यातून एकदा तरी येईन ना मी. आणि तीनच वर्षं आहेत."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट वाचतोय.

"सहा ठिकाणी मी नको होते," ती म्हणाली.

मला हे सुचलंच नव्हतं. सातवं नाव निघतं तेव्हा त्याचा दुसरा अर्थ असा होतो, की वरच्या सहाही ठिकाणी एकतर जागा भरताना तुमच्यापुढं दुसऱ्यांची नावं होती, नाहीतर तुमचं नाव त्यांच्या यादीतच नव्हतं. त्यातल्या एका ठिकाणी तिनं बिनपगारी सात महिने काढले होते. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून 'तू इथंच येणार' असं म्हटलं होतं. ती गेले दोन आठवडे त्या सहा नावांचा शोक करत होती. मी सतराशे मैलांचा करत होतो. आणि दोघंही एकमेकांची समजूत काढत होतो. मी तिला अंतरावरून, ती मला 'सातवा प्रोग्रामही चांगला आहे रे' असं म्हणून. दोघांची औषधं चांगली होती, फक्त पेशंट अदलाबदल झालेले.

तरी लगेच शहाणपण आलं असं नाही. एप्रिलमध्ये आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते सोफ्यावरून. तीन माणसांचा करड्या रंगाचा सोफा, एका सोडून जाणाऱ्या तमिळ कुटुंबाकडून घेतलेला. एका हाताशी त्यांच्या मुलानं काढलेली बॉलपेनची रेघ आहे. ती म्हणाली, सोफा टेक्सासला न्यायचा. मी हिशेब मांडला. ट्रकचं भाडं किती, सोफ्याची किंमत किती, आणि आठवड्याला ऐंशी तास हॉस्पिटलात असणाऱ्या एकट्या बाईला तीन माणसांचा सोफा लागतो कशाला?

"म्हणजे तू येणारच नाहीस," ती म्हणाली.

मी पुन्हा ट्रकचं भाडं सांगायला लागलो. इतका मठ्ठ मी एरवी नसतो.

येणं न येणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. तिचा काम करायचा परवाना माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. माझा एच-१बी, म्हणजे नोकरीचा. तिचा एच-४, म्हणजे जोडीदाराचा. एच-४ वरच्या जोडीदाराला २०१५ पासून काम करता येतं, पण मुख्य माणसाचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर असेल तर. माझा आहे. म्हणजे मी नोकरी सोडून तिच्यामागं टेक्सासला गेलो, की माझा व्हिसा गेला, त्याबरोबर तिचा, आणि जिच्यासाठी जायचं ती रेसिडेन्सीही गेली. बरं, नोकरी ठेवून तिकडून काम करावं, तर एच-१बी कामाच्या जागेलाही बांधलेला असतो. रोज जाऊन-येऊन करता येईल त्या टापूच्या बाहेर जागा हलवायची तर कंपनीनं दुरुस्तीचा अर्ज करायला हवा. कंपनीला आठवड्यातून तीन दिवस मी ऑफिसात दिसायला हवा होतो. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत समोरच्या बाई फारच गोड बोलल्या, त्यावरूनच उत्तर कळलं. प्रशिक्षणासाठीच्या जे-१ व्हिसाचा पर्यायही होता, पण त्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट चिकटलेली असते, आणि ती माफ करून घेण्याचा रस्ता पुन्हा कुठल्यातरी आडगावाच्या नोकरीतून जातो. तेव्हा तिनं तिकडं आणि मी इकडं राहायचं, म्हणजे आम्ही एकत्र राहू शकू! हे वाक्य मी एका मित्राला समजावून सांगत होतो, तर तो मध्येच म्हणाला, "थांब, पुन्हा सांग."

सोफा गेला टेक्सासला. ट्रकच्या भाड्याबद्दल मी परत बोललो नाही.

जूनमध्ये आम्ही गाडीनं निघालो. आय-८१ हायवेनं खाली टेनेसीपर्यंत, मग आय-४० नं सरळ पश्चिमेला ॲमरिलोपर्यंत, तिथून दक्षिणेला. चार दिवस. पहिले दोन दिवस डोंगर, झाडं, पाऊस. ओक्लाहोमा ओलांडलं तशी झाडं संपली. मग आभाळच आभाळ, आणि त्याच्या बुडाशी पवनचक्क्या. ॲमरिलोच्या खाली रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरलेली जमीन सुरू झाली. क्षितिजापर्यंत सरळ ओळी, ओळींत वीतभर हिरवं काहीतरी.

"थांब," ती म्हणाली. "गाडी थांबव."

मला वाटलं मळमळतंय. ती उतरली आणि कडेच्या ओळीपाशी जाऊन उकिडवी बसली. एक पान चिमटीत धरून उलटं केलं. मागं न बघताच म्हणाली, "अरे, ही तं पऱ्हाटी हाय."

ती यवतमाळ जिल्ह्यातली. वडील कापूस पिकवतात. एरवी माझ्याशी बोलताना तिची भाषा पुण्याच्या अंगानं जाते, वऱ्हाडी बाहेर येते ती फक्त फार राग आला किंवा फार बरं वाटलं तर. त्या दिवशी कुठल्या कारणानं आली, मी विचारलं नाही. लबकच्या भोवतालचा हा सगळा सपाट पट्टा अमेरिकेतला कापसाचा मोठा मुलूख आहे. मुलाखतीच्या तयारीत आम्ही त्या प्रोग्रामची सगळी वेबसाइट पाठ केली होती. शेतात काय पिकतं ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी चार दिवस राहिलो, सोफा लावला, गॅसचं आणि इंटरनेटचं काम केलं, आणि परत आलो.

१ जुलैपासून ती इंटर्न झाली, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट. आठवड्याला ऐंशी तास ही कमाल मर्यादा, तीही चार आठवड्यांची सरासरी. सलग ड्युटी चोवीस तासांची, वर पेशंट सोपवायला चार तास. सात दिवसांत एक सुट्टी, तीही सरासरीनंच. २००३ च्या आधी तर देशभर लागू होईल अशी ऐंशीची मर्यादाही नव्हती. पूर्वी हे डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलात राहायचे, म्हणून ते रेसिडेंट. आपल्याकडंही 'निवासी डॉक्टर' म्हणतात. सुरुवातीच्या काळात त्यांनी लग्न केलेलं चालायचं नाही. आता चालतं. मात्र त्या लग्नाला वेळापत्रकात रकाना नसतो.

लांबून संसार करण्याबद्दल बरेच सल्ले मिळाले. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा. एकत्र सिनेमा बघा, इकडं आणि तिकडं एकाच वेळी सुरू करून. पहिल्या महिन्यात हे सगळं केलं. व्हिडिओ कॉलवर ती भाताचा घास हातात धरून झोपली. सिनेमा मी एकट्यानं संपवला. शिवाय तिथलं घड्याळ एक तास मागं. ते लक्षात ठेवून ठेवून मी रोज चुकायचो.

टिकलं ते न ठरवलेलं. ड्युटी संपली की ती एक शब्द पाठवते, 'जिवंत'. मी लिहितो, 'हजर'. कधी सकाळी सातला येतो, कधी रात्री अकराला. ऑगस्टमधल्या एका रात्री तिचा पहिला पेशंट तिच्यासमोर गेला. तेव्हा 'जिवंत' आलं नाही. नुसता फोन आला. ती बोलली नाही, मीही नाही. गाडी सुरू झाल्याचा, सिग्नलला थांबल्याचा, दार उघडल्याचा, नळाचा, मग पलंगाचा आवाज. फोन तसाच उशाशी राहिला. मी इकडं भांडी घासली, कपड्यांच्या घड्या केल्या. सकाळी बघितलं तर कॉल सात तास चालला होता. ती म्हणाली, "तू भांडी आपटतोस फार."

'कशी आहेस' हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचं उत्तर द्यायलाही ताकद लागते. 'काय खाल्लंस' चालतो.

ऑक्टोबरात मी न सांगता गेलो. अशा कल्पना सिनेमात छान दिसतात. शुक्रवारी रात्री उतरलो, रविवारी सकाळचं विमान. मधल्या छत्तीस तासांत ती चौदा तास ड्युटीवर आणि सोळा तास झोपेत. एका मैत्रिणीसाठी तिनं शनिवार बदलून घेतला होता आणि मला कळवायचं कारण नव्हतं, कारण मी येणार हे तिला माहीतच नव्हतं. मी सोफ्यावर बसून राहिलो. दाराशी तिचे हॉस्पिटलचे रबरी बूट होते. डाव्या बुटावर आयोडीनचा डाग, भारताच्या नकाशासारखा, काश्मीर जरा पुसट. किती वेळ बघत होतो कोण जाणे.

घराच्या भाडेकराराचा कागद शोधायला मी आमचा जुना गुगल शीट उघडला, तो यादीचा. त्यात कुणी काय कधी बदललं ते मागं जाऊन बघता येतं. मी सहज मागं गेलो. आमचं सातवं नाव आधी नववं होतं. जानेवारीतल्या एका रात्री, दोन वाजून अकरा मिनिटांनी, ते नवव्यावरून सातव्यावर ओढलेलं होतं. तिच्या खात्यातून. आठव्यावर मिशिगन गेलं होतं, नवव्यावर लुइझियाना.

ती उठली तशी मी चहा हातात दिला आणि विचारलं. पोलिसासारखंच विचारलं असणार.

तिनं आधी चहा संपवला.

"बाकीच्या आठही जणांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतीस," ती म्हणाली. "वेगवेगळ्या शब्दांत. कुणी हसून, कुणी फाइलकडं बघत. तिथल्या बाईंनी नाही विचारलं. त्यांनी विचारलं, शेवटचा पेशंट आठवतो का. म्हटलं, आठवतो. पंधरा मिनिटं आम्ही त्या म्हाताऱ्याबद्दलच बोललो."

"मला सांगितलं नाहीस."

"तू सहाच्या खाली बघतच नव्हतास."

ही 'इतकी वर्षं' म्हणजे आठ. २०१६ मध्ये कंपनीनं मला अमेरिकेला पाठवलं तेव्हा ती नागपुरात खोली घेऊन पीजीच्या परीक्षेची तयारी करत होती. लग्नाला वर्ष झालेलं. मी पुण्याहून फोन केला. अमेरिकेत प्रोजेक्ट आहे, व्हिसा झालाय, दोनच वर्षांचा प्रश्न आहे, असं एका दमात सांगितलं. एडिसन, न्यू जर्सी. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे कुठं आलं?"

मी तेव्हा हसलो होतो. म्हटलं होतं, नकाशात बघ, न्यूयॉर्कच्या बाजूला आहे, होईल सवय. मग माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधून ती आली. पहिली काही वर्षं तिला कामाचा परवानाही नव्हता. खिडकीतून पार्किंग दिसायचं. तिथं कुठली गाडी किती वाजता येते ते तिला पाठ होतं. संध्याकाळी मी घरी आलो की हे ती गंमत म्हणून सांगायची, आणि मीही ते गंमत म्हणूनच ऐकायचो.

त्या सकाळी मी यातलं काही बोललो नाही. तिला पुन्हा झोप येत होती, आणि माझं विमान होतं. दारात ती म्हणाली, "काऊन असा तोंड करून राहिला? बूट घाल, उशीर होते."

मी जमेल तसा नोकरीचा शोध चालू ठेवलाय. एच-१बी नव्या कंपनीकडं नेता येतो, फक्त तशी कंपनी तिथं हवी. त्या भागात तेल आहे, कापूस आहे, विद्यापीठ आहे. माझ्या कामाचं फारसं काही नाही. दोनदा अगदी जवळ येऊन फिसकटलं. आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. इंटर्नांना ती स्वतः शिकवते. पुढच्या वर्षी फेलोशिपसाठी, म्हणजे त्यापुढच्या खास प्रशिक्षणासाठी, पुन्हा मॅच, पुन्हा यादी. परवा तिनं नवा शीट माझ्याशी शेअर केला. त्यात दोन रकाने आहेत, एक तिचा, एक माझा. "तुझा तू भर," म्हणाली, "मी बघणार नाही तोवर." चार दिवस झाले, मी शहरांची नावं लिहितोय आणि खोडतोय. तिच्यासाठी म्हणून लिहिलेलं नाव कुठलं आणि माझं कुठलं, हे मलाच सांगता येईना.

मागच्या आठवड्यात मी तिकडं होतो. नोव्हेंबर. रात्रीची ड्युटी संपवून ती सकाळी साडेसातला बाहेर आली. मी गाडी घेऊन उभा होतो. घरी जायच्या आधी तिला शेत बघायचं होतं, आणि यवतमाळला तेव्हा संध्याकाळ असते, म्हणून सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. गावाबाहेर दहाच मिनिटांवर यंत्र चालू होतं. पानं गळून गेलेली, नुसती पांढरी बोंडं. ते यंत्र ओळीच्या ओळी ओरबाडत जात होतं, आणि मागं प्लास्टिकात गुंडाळलेली पिवळी, गुलाबी गाठोडी टाकत होतं, एकेक छोट्या खोलीएवढं.

"एवढ्या कापसाले वेचाले बाया किती लागतात हो, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाया नाहीत बाबा. हा एकटाच माणूस आहे. यंत्रात बसलेला."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काड्याबिड्या, पाला, सगळंच घेते का थे?"

"सगळंच घेतंय. मागाहून जिनिंगला काढतात."

"आमच्या इकडं पहिली वेचणी झाली. बाया भेटत नाहीत." मग ते जरा पुढं झुकले. पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं. "ते कुठं हाय? दाखव तं."

मी फोन वळवला. ती शेजारच्या सीटवर झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, गळ्यात ओळखपत्र तसंच, हात मांडीवर उताणा.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको, नको. झोपू दे तिले," ते म्हणाले. "तू मले कापूस दाखव."